इंजिनमधील नॉकिंग : कारणे आणि परिणाम यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी चढ चढत असताना बॉनेटखालून बारीक, कोरडी टकटक ऐकू येते, ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलला की ती थांबते आणि पुढच्या वळणापर्यंत आपण ती विसरूनही जातो. त्या आवाजाच्या वेळी इंजिनमध्ये काय घडत असते, ते कशामुळे घडते आणि दुर्लक्ष केल्यास कोणते भाग निकामी होतात, यासंबंधीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. विवेचन मुख्यतः पेट्रोल इंजिनाचे आहे. डिझेल इंजिनातील नॉकिंगचे कारण वेगळे असल्यामुळे त्याचे उत्तर स्वतंत्र दिले आहे.

नॉकिंग म्हणजे नेमके काय?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधी स्पार्क प्लग ठिणगी देतो. त्या क्षणी संपूर्ण मिश्रण एकदम पेटत नाही. ठिणगीपाशी ज्योत तयार होते आणि ती प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे पसरत जाते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर या पसरण्याला साधारण तीन सहस्रांश सेकंद लागतात. आपल्याला हा स्फोट वाटतो, परंतु निरोगी इंजिनातील ज्वलन ही वेगवान असली तरी शिस्तबद्ध क्रिया असते.

ज्योत पुढे सरकत असताना तिच्यामागचा जळालेला वायू प्रसरण पावतो आणि कोपऱ्यात उरलेल्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबतो. दाबल्यामुळे ते मिश्रण तापते. ज्योत तेथे पोहोचण्यापूर्वीच त्याची सहनशक्ती संपली, तर ते ठिणगीशिवाय, आपोआप आणि जवळजवळ एकाच क्षणी पेट घेते. अशा वेळी दाब सिलिंडरभर सारखा वाढण्याऐवजी एका कोपऱ्यात अचानक उसळतो आणि दाबाच्या लाटा भिंतींवर आपटून मागेपुढे फिरू लागतात. सुमारे ८५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये या लाटांची कंपने सेकंदाला साधारण साडेसहा हजार असतात. इंजिनच्या धातूतून ती बाहेर येतात आणि आपल्या कानांना टकटक म्हणून ऐकू येतात. आपण ऐकतो तो आवाज कोणत्याही दोन भागांच्या एकमेकांवर आदळण्याचा नसतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

हा आवाज इतर आवाजांपासून वेगळा कसा ओळखावा?

पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखा हा आवाज असतो आणि तो भाराशी बांधलेला असतो. इंजिनवर जोर पडला की तो सुरू होतो आणि पाय उचलताच थांबतो. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये आणि रिकाम्या इंजिनवर तो सहसा ऐकू येत नाही.

उभ्या गाडीतही सतत टिकटिक येत असेल, तर आधी टॅपेटकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाकडे) पाहावे. थंड इंजिनात येणारा आणि इंजिन गरम झाल्यावर कमी होणारा बोथट आवाज बहुधा पिस्टनच्या ढिलेपणाचा असतो. खोल, जड ठोका येत असेल आणि सोबत ऑइलचा दाब कमी असेल, तर कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग गेलेले असू शकते. अशा वेळी गाडी ताबडतोब बंद करावी. एक्झॉस्टवरचे सैल उष्णतारोधक पत्रेही ठरावीक वेगाला थरथरून नॉकिंगसारखा आवाज करतात, त्यामुळे महागडी तपासणी सुरू करण्यापूर्वी गार झालेल्या गाडीखाली हात घालून ते पत्रे हलवून पाहणे शहाणपणाचे ठरते.

नॉकिंग कशामुळे होते?

कारणांची यादी लांब असली तरी प्रत्येक कारण तीनपैकी एका वाटेने काम करते: शेवटी जळणाऱ्या मिश्रणाचे तापमान वाढवून, त्याच्यावरचा दाब वाढवून किंवा आपोआप पेटण्यासाठी त्याला जास्त वेळ देऊन. पेट्रोलचा दर्जा कमी असेल, तर मिश्रणाची मुळातली सहनशक्तीच कमी असते. इतके लक्षात ठेवले की प्रत्येक कारणाचा अर्थ लागतो.

सर्वाधिक चर्चा पेट्रोलची होते आणि ती रास्तही आहे. इंजिनला हवे त्यापेक्षा कमी ऑक्टेनचे (म्हणजे आपोआप पेटण्याला कमी विरोध करणारे) किंवा रॉकेलसारख्या द्रवाची भेसळ असलेले पेट्रोल टाकीत गेले, तर त्याच दिवशी नॉकिंग सुरू होऊ शकते. परंतु महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेलेल्या नॉकिंगचे मूळ बहुधा इंजिनमध्येच असते, आणि तेथे पेट्रोलला दोष देत राहण्यात वेळ वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा वेळी पहिला संशय कार्बनवर घ्यावा. ज्वलनकक्षाच्या भिंतींवर आणि पिस्टनच्या माथ्यावर साचलेला कार्बन दोन प्रकारे घात करतो. तो जागा व्यापतो, त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, किंचित वाढतो. आणि तो उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे आत येणारे ताजे मिश्रण पेटण्यापूर्वीच तापते. दुसरा संशय कूलिंगवर घ्यावा. रेडिएटरमध्ये साचलेला गाळ, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा उशिरा सुरू होणारा पंखा यांमुळे तापमानाचा काटा धोक्याच्या खुणेपर्यंत न जाताही सिलिंडर हेड आवश्यकतेपेक्षा गरम राहू शकते.

इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, जास्त पुढे (लवकर) असेल, तर ज्वलन लवकर सुरू होते आणि पिस्टन अजून वर येत असतानाच दाब चढतो. भार असताना मिश्रणात पेट्रोल कमी पडले, तर पेट्रोलच्या बाष्पीभवनाने मिळणारा गारवा कमी होतो. चोंदलेला इंजेक्टर, दमलेला फ्युएल पंप किंवा चुकीचे मोजमाप देणारा हवेचा सेन्सर यांमुळे हे घडते. चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचा) स्पार्क प्लग स्वतःच तापून लाल होतो. एक्झॉस्टचा थोडा वायू परत सिलिंडरमध्ये सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला, तर ज्वलन थंड ठेवणारा जळका वायू सिलिंडरमध्ये येत नाही. टर्बो इंजिनात दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर चिखलाने किंवा धुळीने माखला, तर दाबलेली गरम हवा तशीच आत जाते. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून किंवा क्रँककेसच्या श्वसननळीतून ऑइलची वाफ मिश्रणात येते, तेव्हा चांगल्या पेट्रोलचेही प्रभावी ऑक्टेन घसरते, आणि हे कारण तपासणीत वारंवार सुटून जाते.

वरच्या गिअरमध्ये हळू चालवल्यास नॉकिंग का वाढते?

समजा, गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे, इंजिन मिनिटाला जेमतेम १,३०० फेरे घेत आहे, पुढे चढ आहे आणि गिअर उतरवण्याऐवजी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला जातो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यामुळे सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण शिरते आणि दाब वाढतो, परंतु पिस्टन संथ चालत असल्यामुळे त्या तापलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला निवांत वेळ मिळतो. तीच गाडी, त्याच चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये २,२०० फेऱ्यांवर चालवली, तर तितक्याच शक्तीसाठी प्रत्येक ज्वलनाचा दाब कमी लागतो आणि वेळही कमी मिळतो. गिअर उतरवल्यावर इंजिनचा आवाज वाढतो म्हणून पुष्कळ चालक ते टाळतात. वास्तविक त्या मोठ्या आवाजात इंजिनला आराम असतो.

ऑक्टेन क्रमांक काय सांगतो?

पेट्रोल आपोआप पेटण्याला किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. पेट्रोलमध्ये ताकद किती आहे किंवा ते किती शुद्ध आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. या मोजपट्टीची दोन टोके १९२० च्या दशकात ठरवण्यात आली. नॉकिंगला चांगला विरोध करणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि सहज नॉक होणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य मानले गेले. एखादे पेट्रोल चाचणी इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन व ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाप्रमाणे वागले, तर त्याचे ऑक्टेन ९५ होय.

या चाचणीच्या दोन पद्धती आहेत. रिसर्च पद्धतीत इंजिन ६०० फेऱ्यांवर सौम्य परिस्थितीत चालते. मोटर पद्धतीत ते ९०० फेऱ्यांवर चालते आणि मिश्रण सुमारे १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असते, म्हणून त्याच पेट्रोलचा मोटर क्रमांक कमी भरतो. रिसर्च क्रमांक ९५ आणि मोटर क्रमांक ८५ असलेले पेट्रोल काही देशांत ९५ म्हणून विकले जाते, तर जेथे दोन्ही क्रमांकांची सरासरी लिहिण्याची पद्धत आहे, तेथे तेच पेट्रोल ९० म्हणून ओळखले जाते. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे पाहिल्याशिवाय पंपावरील आकड्याशी त्याची तुलना करू नये.

मग सर्वांनीच जास्त ऑक्टेनचे पेट्रोल का वापरू नये?

इंजिनला ९१ पुरेसे असेल, तर ९७ टाकून त्याला काहीही मिळत नाही. ज्या इंजिनाची रचना जास्त ऑक्टेनसाठी केलेली आहे, किंवा जे इंजिन चांगले पेट्रोल मिळताच टायमिंग पुढे घेऊ शकते, त्यालाच फायदा होतो. टर्बो आणि उच्च कॉम्प्रेशनची इंजिने या वर्गात मोडतात. जुन्या, कार्बन साचलेल्या इंजिनाची टकटक जास्त ऑक्टेनने थांबते हे खरे, पण तेव्हा दुखणे तसेच ठेवून दर महिन्याला त्याची किंमत मोजली जाते.

कॉम्प्रेशन कमी ठेवले तर प्रश्न मिटणार नाही का?

मिटेल, परंतु इंधन जास्त लागेल. आदर्श चक्राच्या गणितानुसार कॉम्प्रेशन रेशो ८ असताना कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के, १० असताना ६० टक्के आणि १२ असताना ६३ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे बरेच खाली असले तरी चढता क्रम तोच राहतो. त्यामुळे इंजिनाची रचना करणारे अभियंते नॉकिंगच्या सीमेला जितके चिकटून राहता येईल तितके राहतात. माझदा कंपनीने २०११ मध्ये १४ कॉम्प्रेशन रेशोचे पेट्रोल इंजिन बाजारात आणले, ते एक्झॉस्टची रचना बदलून आणि सिलिंडरमध्ये उरणारा गरम वायू कमी करून. नॉकिंग हा गेली शंभर वर्षे पेट्रोल इंजिनाच्या कार्यक्षमतेवरचा मोठा अडसर राहिला आहे, आणि हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच.

पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे का मिसळत असत?

नॉकिंग थांबवण्यासाठीच. ९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिज्ली यांना टेट्राएथिल लेड या संयुगाचा हा गुण आढळला. अत्यल्प प्रमाणात मिसळूनही ते परिणामकारक ठरत होते आणि स्वस्तही होते. १९२४ मध्येच न्यू जर्सीतील कारखान्यात ते तयार करणाऱ्या कामगारांचे विषबाधेने मृत्यू झाले, तरीही त्याचा वापर जगभर पसरला. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या शिशाने विशेषतः मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम केला. पुढे एक्झॉस्टचा वायू स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशामुळे ते निकामी होत असल्याने शिसे काढण्याला वेग आला. रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता आणि तेथील विक्री २०२१ मध्ये थांबली. टकटक थांबवण्याच्या सोप्या उपायाची किंमत जगाने शंभर वर्षे मोजली, हे विसरता कामा नये.

आज हे काम सुधारित शुद्धीकरण, ऑक्सिजनयुक्त संयुगे आणि इथेनॉल यांच्याकडून करून घेतले जाते. इथेनॉलचा रिसर्च क्रमांक सुमारे १०८ आहे आणि बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून मिश्रण थंड करते.

आधुनिक गाडीत नॉक सेन्सर असतो. मग काळजी कशासाठी?

नॉक सेन्सर हा इंजिन ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला, कंपनांचे विजेत रूपांतर करणारा छोटा भाग आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनवर नियंत्रण ठेवणारी संगणक-पेटी, प्रत्येक सिलिंडरच्या ज्वलनानंतरच्या ठरावीक क्षणांतच त्याचे म्हणणे ऐकते, त्यामुळे नॉकिंग कोणत्या सिलिंडरमध्ये झाले हेही तिला कळते. ते आढळताच ठिणगी काही अंश मागे घेतली जाते आणि मग हळूहळू पुन्हा पुढे आणली जाते. हे सर्व इतक्या लवकर घडते की चालकाला बहुधा काहीच ऐकू येत नाही.

काळजीचे कारण नेमके हेच आहे. आवाज दबतो, कारण तसेच राहते. ठिणगी उशिरा पडल्यामुळे ज्वलनाचा मोठा भाग पिस्टन खाली जाऊ लागल्यावर होतो, पिस्टनला मिळणारा जोर घटतो आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमधून निघून जाते. पिकअप मंदावतो, मायलेज घसरते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बो व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जास्त तापतात. गाडी जुनी झाली म्हणून अशी चालते, असे समजून मालक वर्षभर हा तोटा सोसतो. स्कॅनर लावून चढावर टायमिंग किती अंश मागे जाते हे पाहिले, तर न ऐकू येणारे नॉकिंग पडद्यावर दिसते.

सेन्सरलाही मर्यादा आहेत. त्याच्या बोल्टचा ताण पुस्तिकेप्रमाणेच असावा लागतो. सैल किंवा अति घट्ट सेन्सर चुकीचे ऐकतो. सेन्सरचे सर्किट बिघडल्यास पी०३२५ सारखा बिघाडाचा कोड येतो आणि ईसीयू सुरक्षिततेसाठी टायमिंग कायमचे मागे ठेवते. चेतावणीचा दिवा नको म्हणून सेन्सरला चकवणारे जोडकाम कोणी सुचवल्यास ते कदापि मान्य करू नये.

प्री-इग्निशन आणि नॉकिंग एकच का?

नाही. नॉकिंग ठिणगीनंतर होते. प्री-इग्निशनमध्ये लालबुंद कार्बनचा कण किंवा तापलेला प्लग ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. एकातून दुसरे उद्भवू शकते, परंतु प्री-इग्निशन अधिक घातक असते, कारण तेथे ठिणगी मागे घेऊन काहीच साधत नाही.

थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो इंजिनांत कमी वेगावर व जास्त भाराखाली याचा एक विशेष प्रकार आढळतो. रिंगांजवळच्या फटीतून ऑइल आणि पेट्रोल यांचे थेंब उडून आधीच पेट घेतात आणि एखाददुसरा ठोकाही पिस्टन तोडू शकतो. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त डिटर्जंट याला हातभार लावतात, असे आढळल्यावर ऑइलची घडण बदलण्यात आली. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २०१८ मधील एपीआय एसएन प्लस आणि २०२० मधील एपीआय एसपी या श्रेणींत यासाठी चाचणी आहे. अशा इंजिनात केवळ ऑइलची जाडी जुळवून भागत नाही, डब्यावरील श्रेणीही पाहावी लागते.

नॉकिंगमुळे इंजिनचे नेमके काय नुकसान होते?

जळत्या वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर असते, तर पिस्टनचा ॲल्युमिनियम मिश्रधातू साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या आसपास वितळू लागतो. तरीही पिस्टन टिकतो, कारण धातूलगत वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो आणि धातूने घेतलेली उष्णता रिंगांमार्फत बाहेर जाते. नॉकिंगच्या लाटा हा संरक्षक थर खरवडून काढतात. त्यामुळे मोठ्या नुकसानीला ठोक्यांइतकीच उष्णताही कारणीभूत असते.

अधूनमधून होणाऱ्या हलक्या नॉकिंगने इंजिन लगेच खराब होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जोरदार आणि सततच्या नॉकिंगची खूण सर्वप्रथम स्पार्क प्लगवर दिसते. प्लग काढून उन्हात धरावा आणि पांढऱ्या चिनीमातीवर भिंगातून पाहावे. मिऱ्याची पूड भुरभुरावी तसे काळे ठिपके आणि त्यांत मोहरीहूनही बारीक, चंदेरी चमकणारे कण दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. प्लगवर आलेला प्रत्येक कण पिस्टनच्या माथ्यावरून निघालेला असतो.

उघडलेल्या इंजिनात पिस्टनचा काठ वाळूचा मारा केल्यासारखा खडबडीत दिसतो. पुढची पायरी म्हणजे दोन रिंगांमधल्या पट्टीला तडा जाणे. ती तुटली की कॉम्प्रेशन गळते, ऑइल जळू लागते, निळसर धूर येतो, आणि ऑइलची वाफ सिलिंडरमध्ये येऊन नॉकिंग आणखी वाढवते. हेड गॅस्केट फाटते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची वरची वाटी ठोक्यांनी दबते. पिस्टनच्या मधोमध वितळून भोक पडले असेल, तर तेथे बहुधा प्री-इग्निशन झालेले असते.

सीएनजीवर आवाज येत नाही, पेट्रोलवर येतो. असे का?

सीएनजीतील मिथेन नॉकिंगला पेट्रोलपेक्षा पुष्कळ अधिक विरोध करतो. त्याचे ऑक्टेन १२० च्या वर धरले जाते. त्यामुळे कार्बन किंवा कूलिंगचा दोष गॅसवर झाकला जातो आणि पेट्रोलवर उघडा पडतो. गॅसच्या किटसोबत टायमिंग पुढे नेणारे उपकरण बसवले असेल, तर ते पेट्रोलवर गाडी नेताना बंद होते की नाही, हे आधी तपासावे.

डिझेल इंजिनची टकटक हेच नॉकिंग असते का?

डिझेल मुळातच ठिणगीशिवाय पेटते. इंजेक्शननंतर पेट घ्यायला उशीर झाला, तर साचलेले डिझेल एकदम पेटते आणि ठोका बसतो. म्हणून डिझेल लवकर पेटणारे हवे आणि पेट्रोल उशिरा पेटणारे हवे. डिझेलचा सीटेन क्रमांक आणि पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक हे परस्परविरुद्ध गुण मोजतात. थंड इंजिनातील थोडी टकटक स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही ती राहिली, तर इंजेक्टर आणि इंजेक्शनचे टायमिंग तपासावे.

गाडी चालवताना आवाज सुरू झाल्यास लगेच काय करावे?

ॲक्सिलरेटर हलका करावा, एक गिअर उतरवावा, एसी बंद करावा आणि तापमानाचा काटा पाहावा. काटा वर असेल, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन गार होऊ द्यावे. नुकतेच पेट्रोल भरले असेल, तर ती टाकी संपेपर्यंत जोर न लावता चालवावे आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पंपावर योग्य ऑक्टेनचे पेट्रोल भरावे.

दुरुस्तीची सुरुवात कोठून करावी?

स्वस्त आणि सहज तपासण्याजोग्या गोष्टींपासून करावी. नव्या पेट्रोलवर आवाज थांबला, तर शोध तेथेच संपतो. न थांबल्यास कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट आणि पंखा पाहावा, प्लगचा क्रमांक पुस्तिकेशी जुळवावा आणि स्कॅनरवर टायमिंग, इंजिनचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि ईसीयू इंधनाच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती हे आकडे गाडी भाराखाली असताना पाहावेत. उभ्या गाडीवर घेतलेले आकडे या दोषात फारसे काही सांगत नाहीत. त्यानंतर फ्युएल प्रेशर आणि ईजीआर तपासावा. कार्बनचा संशय असल्यास प्लगच्या छिद्रातून कॅमेरा घालून पिस्टनचा माथा प्रत्यक्ष पाहावा आणि मगच सफाईचा निर्णय घ्यावा. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, म्हणून टाकीत ओतलेल्या क्लीनरने ते व्हॉल्व्ह साफ होत नाहीत.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीने काम होईल का?

तात्पुरते आणि थोडेसे होईल. बाटलीवरील पॉइंट हा शब्द काळजीपूर्वक वाचावा. बहुधा एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग असतो, म्हणजे १० पॉइंटमुळे ९१ चे ९२ होते, १०१ नव्हे.

अनेक महिने नॉकिंग होत होते. इंजिन उघडावेच लागेल का?

मूळ कारण दूर केल्यावर आधी न उघडता होणाऱ्या तपासण्या कराव्यात. सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे आणि एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे कमी भरला, तर लीक-डाउन चाचणीने (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून) हवा कोठून गळते ते पाहावे. ऑइल भरण्याच्या तोंडातून हवा फुसफुसत असेल, तर रिंग किंवा पिस्टन दोषी आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट गेले आहे. आकडे सारखे असतील, ऑइल जळत नसेल आणि प्लगवर चंदेरी कण नसतील, तर इंजिनला हात लावू नये. नवे प्लग बसवून काही शे किलोमीटर गाडी चालवावी आणि तेच प्लग काढून पुन्हा भिंगाखाली पाहावेत.